मदत हवी आहे: आडतीचं जुनं सॉफ्टवेअर उघडत नाही, नवीन बनवू का?

आडत्या_कळमना: नागपूरला कळमन्याच्या बाजारात आमची संत्र्याची आडत आहे. सॉफ्टवेअर बाबांच्या काळातलं, मस्त चालत होतं. सोमवारी कॉम्प्युटर बदलला, तेव्हापासून उघडतच नाही. एक जण म्हणते सगळं नवीन बनवा, दोन लाख. मृग बहाराचा माल येऊन राहिला, शेतकऱ्यांना पट्ट्या (विक्रीचा हिशेब) हातानं लिहून देतोय. लवकर सांगा.

बर्डीवाला: कशात लिहिलंय? विंडोज कोणतं? एरर काय येते? पत्रिका पाहून सांगायचं का भाऊ?

आडत्या_कळमना: निळ्या स्क्रीनचं आहे. एरर काही नाही, फक्त 'हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही' एवढंच येते.

बर्डीवाला: हीच एरर झाली ना भाऊ!

हिशेबी: टॅली घ्या, सुटा. माझ्या मेव्हण्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, जीएसटीसकट सगळं त्यातच.

आडत्या_कळमना: ताज्या संत्र्यावर जीएसटी नाही. म्हणून तर इतकी वर्षं कोणी हात लावला नाही त्याला.

जुना_फॉक्स: डॉसचं, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचं, फॉक्सप्रो दिसतंय, जुनी डेटाबेसची भाषा. फोल्डरमध्ये डीबीएफ फायली असतील, डेटा त्यातच असते. नवीन मशीनवर विंडोज ११ असेल, ते ६४ बिटचंच येते आणि त्यावर असे १६ बिटचे जुने प्रोग्रॅम चालत नाहीत. कोड बिघडलेलाच नाही. आधी अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, मग व्हीडॉस टाकून बघा, त्यात डॉसचे प्रोग्रॅम नवीन विंडोजवर चालतात. त्याच कामाच्या साध्या डॉसबॉक्सच्या नादी लागू नका, प्रिंटरसाठी रडाल.

पायथन_पोट्टा: किती दिवस मढं सांभाळायचं काका? डीबीएफ पायथनमध्ये सहज वाचता येते. पंधरा दिवसांत वेबवर करून देतो.

जुना_फॉक्स: पंधरा दिवसांत स्क्रीन होतील. पट्टीचं काय? एका आडतीचं मी असंच नवीन केलं होतं. हमाली, तोलाई बरोबर, पण शेतकऱ्याची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) प्रत्येक पट्टीतून किती कापायची, कोणाला सांगता येईना. दिवाणजी म्हणे, 'ते कॉम्प्युटरच करते.' चार दिवसांनी जुन्या कोडात एक ओळ सापडली: पट्टीच्या निम्म्याच्या वर कापायचीच नाही. मालकालाही माहीत नव्हतं. सोर्स, म्हणजे मूळ कोड आहे का, आडत्याभाऊ? पीआरजी फायली?

आडत्या_कळमना: बनवणारे काका वारले. कपाटात फ्लॉप्या आहेत, बुरशी चढलेल्या.

जुना_फॉक्स: राहू द्या. रीफॉक्स नावाच्या टूलनं ईएक्सईतून, म्हणजे चालणाऱ्या फायलीतून, बराच कोड परत निघतो. हंगाम जुन्यावर काढा, नियम वहीत उतरवा, मग पोट्ट्याला बोलवा.

पायथन_पोट्टा: म्हणजे शेवटी मीच ना!

हिशेबी: डॉट मॅट्रिक्स असेल तर फेका, थर्मल घ्या. आवाज नाही, रिबन नाही.

बर्डीवाला: आणि नागपूरच्या मे महिन्यात थर्मलची पट्टी उष्णतेनं खिशातच काळी. शेतकरी ती वर्षभर जपतो, भाऊ.

सावजीप्रेमी: कळमन्यात सकाळी तर्री-पोहे कुठं चांगले मिळतात?

आडत्या_कळमना: व्हीडॉसमध्ये उघडलं! सगळी खाती दिसतात. पण पट्टी अर्धीच छापून राहिली, उचलीचा रकाना कागदाच्या बाहेर जाते.

जुना_फॉक्स: १३२ कॉलमची, म्हणजे ओळीत १३२ अक्षरांची असेल, बारीक अक्षरांत छापावी लागेल. प्रिंटर कोणता आहे?

आडत्या_कळमना: तो पण नवीन घेतला.

बर्डीवाला: हे आत्ता सांगतो तू?