शब्दचर्चा: प्रतिस्पर्धी खेळाडूला जिवावर येऊन दिलेली दाद

प्रश्न:
फुटबॉलचे चाहते कधीकधी प्रतिस्पर्धी संघातल्या थोर खेळाडूबद्दल अगदी जिवावर आल्यासारखं चांगलं बोलतात. 'डोळ्यांसमोर नको तो, पण खेळाडू आहे बाबा!' या भावनेला मराठीत नेमका शब्द कोणता? 'खिलाडूवृत्ती' मला पटत नाही. त्यात मनाचा मोठेपणा आहे, इथे नाइलाज असतो. 'हातचं राखून कौतुक' कसं वाटतं?

प्रतिसाद:
'हातचं राखून' नको. त्यात किती द्यायचं हे देणारा ठरवतो, इथे चाहत्याच्या हातात काही उरलेलंच नसतं. माझं मत 'दाद'. शब्द फारसी, मूळ अर्थ न्याय, म्हणून आपण कोर्टात दाद मागतो. मैफलीतली दाद सगळ्यांना ठाऊक आहे. पण गंजलेलं कुलूप दाद देत नाही, ताप औषधाला दाद देत नाही, तेव्हा दाद देणं म्हणजे नमणं. प्रतिस्पर्ध्यासाठी टाळी वाजते तेव्हा हे दोन्ही अर्थ एकत्र येतात: गुणाला न्यायही मिळतो आणि अडून बसलेलं मन नमतंही.

१९ नोव्हेंबर २००५, स्पेनमधल्या रेआल माद्रिद संघाचं मैदान बर्नाबेऊ. समोर त्यांचा कट्टर प्रतिस्पर्धी बार्सिलोना. बार्सिलोनाच्या रोनाल्डिन्होने डावीकडून मुसंडी मारून, रेआलचा बचावपटू रामोसला मागे टाकून दोन गोल केले, बार्सिलोना ३-० ने जिंकली आणि रेआलचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. बार्सिलोनाच्या खेळाडूसाठी, त्या मैदानात! ही दादच.

प्रतिसाद:
दोन अर्थांचं विवेचन फार आवडलं, पण उदाहरणाबद्दल मतभेद आहे. तिसरा गोल पडल्यावर रेआलवाल्यांचं आणखी काय जाणार होतं? त्या टाळ्यांत आपल्याच संघावरचा रागही असावा असं मला वाटतं. २००३ साली मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावरही तसंच. रेआलकडून खेळणाऱ्या ब्राझीलच्या रोनाल्डोने तीन गोल केले, युनायटेडच्या स्पर्धेत टिकण्याच्या आशा मावळल्या, आणि तो बदली होऊन बाहेर निघाला तेव्हा सारं मैदान उभं राहिलं. सामना हातचा गेल्यावर दाद देणं तितकं जड जात नाही.

जिवावर आलेलं पाहायचं तर मे २०१५ मधला लिव्हरपूलचा कर्णधार जेरार्ड पाहा. लिव्हरपूल सोडायच्या आधी तो चेल्सीच्या मैदानात खेळला. आदल्या वर्षी चेल्सीविरुद्धच्या सामन्यात त्याचा पाय घसरला होता, त्यावरून चेल्सीचे चाहते त्याला डिवचत असत. तरी तो मैदान सोडताना तेच उठून उभे राहिले. सामन्यानंतर तो काय म्हणाला? सामनाभर यांनी मला झोडपलं, आदर दाखवला तो काही सेकंदांपुरता.

त्या काही सेकंदांसाठी मराठीत 'मानलं!' आहे. 'आम्ही त्याला मानतो' हा कायमचा आदर. 'मानलं बुवा!' तेवढ्यापुरतं, पुढच्या मिनिटाला पुन्हा शिव्या द्यायला मोकळे. क्रियापदाचा काळ बदलला की भावनाच बदलते. बार्सिलोनाच्या इनिएस्ताने स्पेनकडून २०१० च्या विश्वचषक अंतिम सामन्यात गोल केल्यावर अंगावरचा शर्ट काढला. आतल्या बनियनवर एस्पान्योलच्या, म्हणजे बार्सिलोना शहरातल्याच प्रतिस्पर्धी संघाच्या, दिवंगत कर्णधाराचं, दानी हार्केचं, नाव होतं. त्याच डिसेंबरात बार्सिलोनाने एस्पान्योलला त्यांच्याच घरी ५-१ ने हरवलं, तरी एस्पान्योलचे लोक इनिएस्तासाठी टाळ्या वाजवत होते. ते त्याला मानतात. इथे नाइलाज कुठेच नाही, म्हणून तुमचा 'दाद' हा शब्दही इथे चालणार नाही.

प्रश्नकर्ता:
'मानतो' आणि 'मानलं' यातला फरक एकदम पटला. 'लोहा मानला' चालेल का? बातम्यांत दिसतो.

प्रतिसाद:
तो हिंदीतून आलाय. 'मानावं लागलं' म्हणा, त्यात नाइलाज स्पष्ट आहे.

मात्र सामना हातचा गेल्यावरच दाद सुचते, हे मला मान्य नाही. एप्रिल २०१८, इटलीच्या युव्हेंटस संघाचं घर तुरिन. तेव्हा रेआलकडून खेळणाऱ्या क्रिस्तियानो रोनाल्डोने हवेत उलटं होऊन गोल मारला आणि युव्हेंटसचे प्रेक्षक टाळ्या वाजवत उठले. तेव्हा ०-२ झालं होतं आणि माद्रिदमधला परतीचा सामना अजून शिल्लक होता. तो तर युव्हेंटसने ३-१ ने जिंकला! म्हणजे सगळं संपलेलं नव्हतं, तरी लोक उठले. तिथे जिवावर यायलाही कुणाला सवड मिळाली नाही. त्या टाळ्यांना मी नुसतं 'मानलं' म्हणेन, 'मानावं लागलं' नाही.