काटे नसलेले घड्याळ: कारागिरी की देखावा?

लंबक: 'उलिस नार्दाँ' या स्विस कंपनीच्या 'फ्रीक' या काटे नसलेल्या मनगटी घड्याळाचे गोडवे वाचून कंटाळा आला. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा बॅटरीवरच्या घड्याळातला क्वार्ट्झचा स्फटिक याहून कितीतरी अचूक वेळ देत असताना चाकांचा हा खटाटोप निव्वळ देखावा ठरतो.

कमान: 'निव्वळ देखावा' हे शब्द खटकले, म्हणून सविस्तर लिहितो. २००१ साली आलेल्या या घड्याळाला बाजूची चावी नाही आणि नेहमीचे काटेही नाहीत. बॅलन्स व्हील (मागेपुढे झुलून घड्याळाची लय राखणारे चाक) आणि दातेरी चाके वाहून नेणारा सांगाडाच तासाला एक फेरी घेतो आणि तोच मिनिटकाटा होतो. मागची कड फिरवली की चावी बसते, पुढची फिरवली की वेळ लागते. ब्रेगे या घड्याळजीने १८०१ मध्ये 'टूर्बियाँ' या रचनेचे पेटंट घेतले, ते खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळात गुरुत्वामुळे पडणारा फरक फिरत्या सांगाड्याने समतोल करण्यासाठी. इथे तीच कल्पना वेळ दाखवण्याच्या कामाला जुंपली आहे. याला देखावा म्हणणाऱ्याने आत डोकावलेलेच नाही.

भिंग: खरा प्रश्न दुरुस्तीचा आहे. वडिलांचे घड्याळ पडून त्याची केसासारखी बारीक कमान (स्प्रिंग) वाकली, तेव्हा कारागिराने डोळ्याला भिंग लावून चिमट्याने एकेक वेढा सरळ केला आणि मी तासभर श्वास रोखून शेजारी बसलो होतो. ते घड्याळ आजही चालते. 'फ्रीक'मधले काही भाग सिलिकॉनचे आहेत आणि सिलिकॉन वाकत नाही, तुटते. मग कोणता कारागीर काय करणार?

कमान: आपण दोन गोष्टींची गल्लत करत आहात. पहिल्या 'फ्रीक'मध्ये सिलिकॉनची होती ती एस्केपमेंटची (कमानीची शक्ती ठरावीक टप्प्यांनी सोडणाऱ्या यंत्रणेची) दोन चाके, कमान नव्हे. सिलिकॉनवर चुंबकाचा परिणाम होत नाही आणि त्याला वंगणाची गरज फारशी लागत नाही. वंगण सुकून घड्याळ बिघडणे हाच तर जुना रोग आहे.

भिंग: चाके म्हणा, पण मुद्दा तोच राहतो. सुकलेले वंगण पुसून नवे घालता येते. तुटलेले सिलिकॉनचे चाक कारागिराला आपल्या टेबलावर घडवता येत नाही. माझे दुसरे घड्याळ कंपनीकडे आठ महिने पडून होते आणि शेवटी 'सुटा भाग मिळत नाही' एवढ्या एका ओळीसह परत आले. हे भोगलेल्या माणसाला गल्लत करणारा ठरवू नका.

लंबक: मूळ मुद्दा अचूकतेचा होता. अचूक यांत्रिक घड्याळांना मिळणाऱ्या 'क्रोनोमीटर' प्रमाणपत्रालाही दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची चूक चालते, हे कोणी बोलतच नाही. यंत्रच काटा झाले, ही कल्पना असामान्य आहे, एवढे मी मान्य करतो; अचूकतेबाबत माझे मत तसूभरही बदललेले नाही.

कमान: अचूकतेत क्वार्ट्झ पुढे आहे, हे मी कधी नाकारले? राहिले सुट्या भागांचे. ज्या कंपनीने असे चाक बनवले तिने ते पुढची कित्येक वर्षे पुरवलेच पाहिजे, इथवर मी 'भिंग' यांच्या बाजूने आहे. पण त्या भीतीने चाकच बनवू नये, हे मला पटत नाही.

भिंग: बनवू नये असे मी म्हटलेले नाही. ते तुटल्यावर मी कोणाच्या दारी जायचे, एवढेच विचारले होते आणि त्याचे उत्तर अजून आलेले नाही.