मदत हवी आहे: बर्लिनची भिंत पडल्याची बातमी मराठी पेपरात नक्की कोणत्या तारखेला आली?

शाळेच्या प्रदर्शनासाठी १९८९ मधल्या जगभरच्या बातम्यांची मराठी कात्रणं जमवतोय. खोमेनींचं निधन, तिआनमेन चौक, चाउशेस्कूंना गोळ्या घातल्या ते, सगळं मिळालं. घोडं अडलंय बर्लिनपाशी. पूर्व जर्मनीचे नेते शाबोव्स्की यांनी सीमा खुली झाल्याचं सांगितलं ती पत्रकार परिषद ९ नोव्हेंबरला तिथे संध्याकाळी सातला संपली, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. बोर्नहोल्मर श्ट्रास या बर्लिनमधल्या सीमानाक्याचं फाटक उघडलं तेव्हा इथे १० तारखेची पहाट. गावच्या वाचनालयातल्या गठ्ठ्यात नेमकी त्याच आठवड्याची पानं वाळवीने खाल्लीत (बाकी महिना धडधाकट!). इंग्रजी अंक नकोत. पुण्याला एकच फेरी जमेल, म्हणून आधी विचारतोय: शहर आवृत्तीत बातमी १० ला होती की थेट ११ ला? कुणी स्वतः अंक पाहिलाय का?