नाशिक: आईच्या दाढा आणि कवळी यांचा खर्च सरकारी योजनेतून होईल का?

सिडकोकर: माझ्या आईचे वय ६८ असून तिच्या खालच्या दोन दाढा किडून केवळ मुळे उरली आहेत, आणखी एका दाढेला रूट कॅनॉल सुचवले आहे आणि वरच्या जबड्याला पूर्ण कवळी लागेल, असे खासगी दवाखान्यात सांगण्यात आले. तेथील अंदाजपत्रक आम्हाला झेपणारे नाही. आमची शिधापत्रिका केशरी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार होतात, तर त्यात हे बसेल का? धाकटा भाऊ अंबडच्या कारखान्यात नोकरीला आहे.

पंचवटीकर: बसणार नाही. या योजनेत ठरावीक शस्त्रक्रिया व उपचारच येतात. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया त्यात होते, मात्र दात काढणे, भरणे, कवळी ही नेहमीची कामे होत नाहीत. कार्ड घेऊन रुग्णालयांच्या खिडक्या पालथ्या घालण्यापेक्षा काम विभागून घ्यावे, असे माझे मत आहे. दाढांची मुळे काढून घेण्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या (आपल्या सिव्हिलच्या) दंत विभागात जावे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा, आधार कार्ड सोबत ठेवावे आणि आईंना मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना ते आधीच सांगावे.

वरचे उरलेले दात काढायचे असतील, तर कवळीची घाई करू नये. दात काढल्यावर हिरडी भरून येते आणि जबड्याचे हाड काहीसे झिजते, त्यामुळे लवकर माप घेतलेली कवळी पुढे सैल होते. सामान्यतः काही आठवडे थांबावे लागते. ती पंचवटीतील दंत महाविद्यालयात करून घेणे मला सोयीचे वाटते. महाविद्यालय खासगी संस्थेचे असल्याने उपचार फुकट नसतात, परंतु तेथे काम विद्यार्थी करतात आणि प्रत्येक टप्पा अध्यापक तपासतात, म्हणून दर खासगी दवाखान्याहून बरेच कमी असतात. फेऱ्या मात्र जास्त होतात, आणि वयस्कर माणसाला घेऊन जाणाऱ्याने सुट्टीचा हिशेब आधी करावा. रूट कॅनॉलचे दर विचारताना वरच्या कॅपचा खर्च त्यात धरला आहे का, हेही विचारावे. बहुधा तो वेगळा असतो.

सातपूरवासी: आपल्या भावाचा पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि त्यातून ०.७५ टक्के ईएसआय (कामगार विम्याचा हप्ता) कापला जात असेल, तर सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात आधी चौकशी करा. आई त्याच्यावर अवलंबून असल्या आणि त्यांचे स्वतःचे उत्पन्न दरमहा ९,००० रुपयांच्या आत असले, तर त्यांचे नाव कुटुंबात नोंदवता येते. नोंद नसल्यास कारखान्याच्या एचआर विभागाकडून ती करून घ्यावी.

सिडकोकर: भावाचा ईएसआय कापला जातो, परंतु आईचे नाव त्यात आहे का, हे आजवर कोणी पाहिलेच नव्हते. ते या आठवड्यात पाहतो. मुळे काढण्यासाठी मात्र सोमवारी सिव्हिललाच जाऊ.