प्रति: रोबोटच सगळं करतो, मग शास्त्रज्ञ कशाला?

वर कुणीतरी विचारलंय, कॅन्सरवरची औषधं रोबोट शोधतो, मग शास्त्रज्ञ काय करतो? माझी यावलची भाची गेली कित्येक वर्षं हेच काम करतेय, म्हणून लिहितो. तळहाताएवढ्या प्लेटमध्ये ३८४ खळगे, प्रत्येकात कॅन्सरच्या पेशी आणि त्यावर वेगवेगळी रसायनं. पेशी मेल्या की 'हिट', म्हणजे ते रसायन पुढे औषध ठरू शकतं. पण कडेच्या खळग्यांतलं पाणी उडतं, तिथल्या पेशी रसायनाशिवायच मान टाकतात. मे महिन्यात बांधालगतच्या केळीला आधी झळ लागते ना, अगदी तसंच! आपण आडोशाला बांधावर शेवरी लावतो, तशी भाची कडेच्या खळग्यांत पेशी न घालता नुसतं द्रावण भरते. शिवाय निरोगी पेशींनाही मारणारी रसायनं वेगळी काढायची. रोबोट रात्रभर थेंब सोडतो. सकाळी खरा हिट कुठला, हे ठरवायला मात्र तीच बसते.