चौदा वर्षांची नोकरी सोडून स्वतःचा एसी-वायरिंगचा धंदा करावा का?

धागा सुरू करणारा (गोत्री, वडोदरा)

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी चौदा वर्षे विद्युत देखभाल विभागात आहे. वय अडतीस, हातात पडणारा पगार ३६,०००, घराचे हप्ते अजून नऊ वर्षांचे. गेली चार वर्षे साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी एसी बसवण्याची आणि दुरुस्तीची कामे घेतो. मार्च ते जून या काळात महिन्याच्या चार सुट्ट्यांत सामान आणि पेट्रोल वजा जाता बारा-तेरा हजार रुपये सुटतात. तेव्हा नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच काम करावे, असे मनाने घेतले आहे.

कारण केवळ पैशाचे नाही. गेल्या मे महिन्यात वासणा रोडवरच्या एका घरी गेलो. तिथे सलग तीन उन्हाळे कोणी ना कोणी येऊन गॅस भरून जात होते. मी साबणाचे पाणी लावले, तेव्हा नळी जोडणाऱ्या फ्लेअर नटाच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा हळूहळू फुगताना दिसला. नट उघडला. तांब्याची नळी कापल्यावर आतली कड घासलीच नव्हती आणि तोंडाला केसासारखी चीर गेली होती. तेवढी नळी कापून नवे तोंड केले, नायट्रोजनचा दाब देऊन दाबमापकाचा काटा हलत नाही हे तासभर पाहिले, पंपाने नळीतली हवा काढून व्हॅक्यूम केला आणि मगच गॅस भरला. कारखान्यात मी वर्षाला शेकडो कॉन्टॅक्टर (मोटारी चालू-बंद करणारे विद्युत स्विच) बदलतो आणि नोंदवहीत सही करतो, पण असे समाधान तिथे एकदाही मिळालेले नाही.

घरून विरोध आहे. आमचे पणजोबा साताऱ्याहून गायकवाड सरकारच्या चाकरीत आले आणि तेव्हापासून आमच्याकडे पहिल्या तारखेला पगार न होणे ही आपत्तीच समजली जाते. आपले मत काय?

निवृत्त लेखाधिकारी (दांडिया बाजार)

आपले समाधान मी खोटे ठरवत नाही, परंतु आपला हिशोब चुकीचा आहे. चार दिवसांचे तेरा हजार म्हणजे पंचवीस दिवसांचे ऐंशी हजार, हा गुणाकार आपण लिहिला नसला तरी मनात नक्कीच केला असणार. रविवारी येणारी कामे ही आठवडाभर साठलेली कामे असतात. रोज उपलब्ध झालात म्हणून ती सहापट होत नाहीत.

आता आपला खरा पगार पाहू. महागाई भत्त्यासह मूळ पगार २४,००० धरला, तर मालकाचा भविष्यनिधीतील बारा टक्के वाटा २,८८० होतो. ग्रॅच्युइटी दर वर्षाला पंधरा दिवसांची आणि महिना सव्वीस दिवसांचा धरून मोजतात, म्हणजे दरमहा साडेअकराशेच्या आसपास रक्कम आपल्या नावावर साठते आहे. चौघांच्या कुटुंबाचा आरोग्य विमा बाहेर घ्यायला गेलात, तर वर्षाला पंचवीस-तीस हजार सहज लागतील. भरपगारी रजा आणि बोनस यांत मिळवा. छत्तीस हजार सोडताना आपण प्रत्यक्षात पंचेचाळीस हजारांच्या घरातली रक्कम सोडत आहात, आणि आपले स्वतःचे बारा टक्के त्याहून निराळे.

निवृत्तिवेतनाच्या योजनेत आपली दहा वर्षे पुरी झालेली असल्यामुळे अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन मिळेल हे खरे. तथापि तिचे सूत्र पंधरा हजारांच्या मर्यादेतील पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर असे आहे, म्हणजे आज थांबलात तर महिना तीन हजारांच्या आतच. वीस वर्षांनंतर त्या रकमेत काय येईल, याची कल्पना आपणच करा.

विद्युत ठेकेदार (रावपुरा)

लेखाधिकारी साहेबांचे आकडे बरोबर आहेत. मी स्वतः नोकरी सोडली तेव्हा मला ते कोणी सांगितले नव्हते. तरीही नोकरी सोडा असेच माझे मत आहे, फक्त एसीच्या भरवशावर सोडू नका. पहिला पाऊस पडला की फोन थांबतो. जुलै-ऑगस्टमध्ये मी सोसायट्यांच्या पाण्याच्या मोटारी आणि मीटरबोर्ड करतो, नवरात्रीपासून दिवाळीपर्यंत वायरिंग, हिवाळ्यात गिझर. या वायरिंगच्या कामाला परवाना लागतो. आपल्याकडे वायरमनचे परमिट नसेल तर राजीनाम्याआधी ते मिळवा. नसताना केलेल्या कामातून आग लागली, तर दोष कोणाच्या माथी येईल हे वेगळे सांगायला नको.

कमाईपेक्षा अवघड गोष्ट आहे ती वसुलीची, जिला इथे आपण सगळेच उघराणी म्हणतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केलेल्या लहान व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असला तर जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि नसला तर पंधरा दिवसांत द्यावेत, असा २००६ चा कायदा आहे. कारखाना किंवा दुकान गिऱ्हाईक असेल तर त्याचा थोडाफार धाक दाखवता येतो. बंगल्याचा मालक 'साहेब बाहेरगावी आहेत' असे नोकराकरवी सांगतो, तिथे कायदा फाटकाबाहेर उभा राहतो. माझा नियम असा आहे की सामानाचे पैसे आधी घ्यायचे आणि मजुरी काम चालू करून दाखवल्यावर, त्याच उभ्या पावली.

आणखी एक अनुभव. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, त्यानंतर सव्वा महिना मला घरी जेवायला वेळ नव्हता. तळमजल्यांवरचे बोर्ड चिखलाने भरलेले, मोटारी बुडालेल्या. काम इतके होते, पण ज्यांचे घरच वाहून गेल्यासारखे झाले त्यांच्याकडे पैसे कोणत्या तोंडाने मागणार? त्या महिन्यांची काही उधारी मी वहीतून काढूनच टाकली. पगारदाराला असा निर्णय कधी घ्यावा लागत नाही.

एका कारागिराची पत्नी, हिशोब सांभाळणारी (वाघोडिया रोड)

आपण दोघेही पुरुष माणसे पैशांचे बोलत आहात, म्हणून मी शिडीबद्दल लिहिते. आमचे हे २०२१ साली दुसऱ्या मजल्याच्या छज्जावर बाहेरचे युनिट बसवताना घसरले आणि मनगट मोडले. तीन महिने उत्पन्न शून्य. हाताखालच्या मुलाला पगार द्यावाच लागला, नाही तर तो दुसरीकडे गेला असता. ठरलेली अकरा कामे इतरांकडे गेली आणि त्यातली चार घरे पुन्हा कधी आमच्याकडे आलीच नाहीत. सरकारचा तेव्हाचा वर्षाला बारा रुपयांचा अपघात विमा होता, पण तो मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी असतो. मोडलेले मनगट त्यात बसत नाही.

फोन कोण उचलणार, हाही प्रश्न आहे. दुपारी तीन वाजता पोळी लाटताना मी गिऱ्हाइकाला सांगत असते की 'ते निघाले आहेत', आणि हे समोर बसून जेवत असतात. या नोकरीचा पगार कोणत्याही हिशोबात धरला जात नाही. आपल्या घरून विरोध आहे असे आपण एका वाक्यात लिहिलेत. त्या विरोधात नेमके काय आहे, ते वहिनींना विचारलेत का?

आयटीआयमधील निदेशक (कारेलीबाग)

वडोदऱ्याच्या मराठी माणसाने चाकरीलाच कुळधर्म मानावे, याचे मला नेहमी नवल वाटते. ज्या सयाजीराव महाराजांची चाकरी आपण मिरवतो, त्यांनीच १८९० मध्ये कलाभवन काढले ते हातांना विद्या मिळावी म्हणून. तिथे शिकलेले दादासाहेब फाळके पुढे पुरातत्त्व खात्यातली नोकरी सोडून छपाईच्या धंद्यात उतरले. नोकरीतच राहिले असते, तर भारतीय चित्रपटाचा आरंभ वेगळ्याच कोणाच्या नावावर असता.

निवृत्त लेखाधिकारी (दांडिया बाजार)

निदेशक महोदय, त्याच फाळक्यांचा गोध्र्यातला फोटोग्राफीचा व्यवसाय आधी बंद पडला होता आणि त्यांची अखेरची वर्षेही ओढगस्तीतच गेली, हे विद्यार्थ्यांना सांगता का? शिवाय कारागिरांसाठीच्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेची घोषणा ऐकून विजेची कामे करणारे अनेक जण आनंदले होते. यादीतल्या अठरा व्यवसायांत सुतार, लोहार, गवंडी, न्हावी आहेत, इलेक्ट्रिशियन नाही. कौतुक सगळे करतात, विमा कोणी उतरवत नाही.

धागा सुरू करणारा (गोत्री)

सर्वांचे आभार. गुणाकार मी मनात केला होता, हे कबूल. काल रात्री हिशोब पुन्हा मांडला: वर्षातले चार महिने भरपूर काम, पाच महिने मध्यम आणि तीन जवळजवळ कोरडे. विमा, शिडी-हार्नेस, व्हॅक्यूम पंपाची झीज आणि मदतनिसाचा पगार वजा केल्यावर महिन्याची सरासरी एक्केचाळीस हजारांवर आली. म्हणजे लेखाधिकारी साहेबांच्या पंचेचाळीसपेक्षा कमीच. तरीही ओढ कमी झालेली नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

वाघोडिया रोडच्या वहिनींचा प्रश्न मात्र मनाला लागला. पत्नीला विचारले. पैशांची तिला फारशी चिंता नव्हती. ती म्हणाली, "तुम्ही सुट्टीच्या दिवशी घरी नसता, ते मी चार वर्षे चालवून घेतले. धंदा झाला की सुट्टीचा दिवसच राहणार नाही." यावर मला उत्तर देता आले नाही. सध्या वायरमनच्या परमिटचा अर्ज भरतो आहे. येत्या जुलैत पंधरा दिवसांची साठलेली रजा घेऊन ऐन पावसात किती काम मिळते ते पाहीन आणि त्या पंधरवड्यातला रविवार घरीच काढीन.

कारागिराची पत्नी (वाघोडिया रोड)

जुलैची निवड योग्य आहे. मात्र त्या पंधरा दिवसांत फोन आपण स्वतः उचला, पत्नीकडे देऊ नका.