मदत हवी आहे: बहिणीचा घटस्फोट, नवऱ्याने पाठवलेल्या कागदावर सही करावी का?

सुरंगी
नमस्कार मंडळी, धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे, तिला डिचोलीला दिलेली. मारहाण वगैरे काही नाही पण पटतच नाही, आणि आता दोघांनीही ते मान्य केलंय. गणपतीपासून ती मुलाला घेऊन माझ्याकडेच आहे.

आता नवऱ्याकडून तीन पानी टाइप केलेला कागद आलाय. वर लिहिलंय "हिंदू विवाह कायदा कलम 13ब", दोघांच्या संमतीने घटस्फोट, मुलगा आईकडे, मुलाच्या खर्चाला महिना अमुक रक्कम, इथपर्यंत सगळं ठीक, पण शेवटच्या पानावर सह्यांच्या अगदी वरती बारीक अक्षरात एक ओळ आहे की पत्नीचा पतीच्या स्थावर-जंगम मालमत्तेवर आज कोणताही हक्क नाही व पुढेही राहणार नाही.

पुण्याचा मावसभाऊ म्हणतो सही करून टाक, सहा महिन्यांत मोकळी होशील. आईचं तर एकच, नको गो बाय त्यांचा पैसा, सुटलीस म्हणजे झालं. मला मात्र ती ओळ खटकतेय.

लग्न देवळात झालं, त्याआधी रजिस्ट्रारकडे दोन्ही सह्या झालेल्या. बाजारात एक दुकान आहे, लग्नानंतर घेतलेलं, त्याच्या एकट्याच्या नावावर, भाड्याने दिलंय. राहतं घर सासऱ्यांच्या नावावर. हिला यातलं काही मिळतं का? आणि वकिलाला द्यायला हिच्याकडे सध्या पैसे नाहीत, ते कसं जमवायचं?

काजूबोंड
ताई, सही अजिबात करू देऊ नका, निदान ती ओळ असेपर्यंत.

मावसभाऊ चुकीचं सांगत नाहीत, पण ते पुण्याचं सांगतायत. गोव्यात नोंद झालेल्या गोवेकरांच्या लग्नाला हिंदू विवाह कायदा लागत नाही. आपल्याकडे पोर्तुगीजांच्या वेळचाच कायदा चालतो, घटस्फोटाचा 1910 चा, आणि मुक्तीनंतर 1962 च्या कायद्याने ते जुने कायदे तसेच चालू ठेवले. त्यात संमतीने घटस्फोट हवा तर लग्नाला दोन वर्षं होऊन गेलेली हवीत आणि दोघांचंही वय 25 पूर्ण हवं. अर्जासोबत मालमत्तेची यादी आणि मुलाबद्दल काय ठरलं तेही द्यावं लागतं. आणि आधी तात्पुरता मिळतो, वर्षाने कायम होतो, तेव्हा सहा महिन्यांचा हिशोब डोक्यातून काढा. अर्ज सिनियर सिव्हिल जजकडे, डिचोलीतच. शेवटी कोर्टाचा हुकूम रजिस्ट्रारकडे जाऊन लग्नाची नोंद रद्द झाली पाहिजे. हे लोक विसरतात आणि मग दुसऱ्या लग्नाच्या वेळी धावाधाव.

आता मुख्य गोष्ट. लग्नाआधी नोटरीकडे वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरतात, कम्युनियन म्हणतात ते. नाव कोणाचंही असो, अर्धा हिस्सा तिचा. म्हणजे दुकानात तिचा अर्धा वाटा आहेच, कोणी उपकार म्हणून देत नाहीये. सासऱ्यांचं घर मात्र सासरे हयात असताना मुलाचं नाही, त्यामुळे त्याकडे बघू नका. आणि ती ओळ का आली असेल तेही समजून घ्या, बायकोच्या सहीशिवाय त्याला दुकान विकता येत नाही.

साळावली
वरचं बरोबर, पण अर्धं म्हटल्यावर कर्जही येतं हे कोणी सांगत नाही. दुकानावर बँकेचं लोन असेल तर आधी ते वजा होणार. आधी लोनचं स्टेटमेंट मागा, मग स्वप्नं बघा. दुसरं, घटस्फोट आणि वाटणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपसात ठरलं तर उत्तम, नाही ठरलं तर घटस्फोटानंतर इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणीची कोर्टातली केस, घालावी लागते, 2012 च्या वारसा कायद्याखाली, आणि इन्व्हेंटरी म्हणजे काय ते ज्यांच्या घरात चालू आहे त्यांना विचारा, मामा-भाचे बोलत नाहीत एकमेकांशी. म्हणून मी तरी म्हणेन की रक्कम थोडी कमी घेतली तरी चालेल पण आत्ताच टेबलावर बसून मिटवा.

काजूबोंड
मिटवा हो, पण आकडा कळल्यावर. ताई, एक सोपं काम करा. तिच्या पॅनवर रिटर्न भरतात का बघा. गोव्यात कम्युनियनमध्ये लग्न झालेल्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न, भाडं, व्याज, सगळं नवरा-बायकोत अर्धं-अर्धं दाखवावं लागतं, 1961 च्या इन्कम टॅक्स कायद्याचं कलम 5अ. दुकानाचं भाडं तिच्या रिटर्नमध्ये दिसत असेल तर "हक्क नाही" म्हणायला त्याला तोंड राहत नाही.

वकिलाचं म्हणाल तर बाईमाणसाला उत्पन्न कितीही असलं तरी सरकारकडून वकील फुकट मिळतो, लीगल सर्व्हिसेस ऑथॉरिटीकडे अर्ज करा, 15100 वर फोन केला तरी सांगतात. तिची पोटगी आणि मुलाचा खर्च हे दोन आकडे वेगवेगळे लिहून घ्या. पटलं नाही तर पोटगीसाठी वेगळा अर्ज घालता येतो, पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125, आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144.

सुरंगी
देव बरें करूं दोघांचंही. आत्ता बहिणीच्या मोबाइलवरून पोर्टलला लॉगिन केलं, ओटीपी तिच्याच नंबरवर आला हे नशीब. तीन वर्षांची रिटर्न्स भरलेली आहेत आणि भाड्याचा अर्धा भाग हिच्या नावाने दाखवलाय, हिला पत्ताच नाही! पीडीएफ उतरवून माझ्या मेलवर पाठवून ठेवली. लग्नाचा दाखला काढताना आधीचा करार काही नोंदवलाय का तेही विचारते. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

आता एवढंच सांगा, कागद तसाच परत पाठवावा की ती ओळ खोडून? की वकील मिळेपर्यंत काहीच उत्तर देऊ नये? तो रोज मेसेज करतोय सही झाली का म्हणून.

साळावली
खोडाखोड नको, स्वतः काहीच लिहून देऊ नका. "वकिलाला दाखवून कळवते" एवढाच मेसेज, आणि त्याचे सगळे मेसेज ठेवा, डिलीट करू नका.